ब्रेन हॅमरेज : पहिल्या तासात काय व्हायला हवं? पारनेर तालुक्यातील कुटुंबांसाठी माहिती

‘फालिज गिरा’, ‘लकवा मारला’, ‘अर्धांग झालं’, ‘मेंदूची नस फाटली’. पारनेर तालुक्यातल्या घरांमध्ये हे शब्द साधारण एकाच अर्थाने वापरले जातात. तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय गळाला, बोलणं बोबडं झालं की घरचे समजून जातात. पण या एका नावाखाली दोन वेगळे आजार असतात. एकात मेंदूकडे रक्त नेणारी वाहिनी गुठळीने बंद होते. दुसऱ्यात वाहिनी फुटते आणि रक्त मेंदूत पसरते. हा दुसरा प्रकार म्हणजे ब्रेन हॅमरेज, मेंदूतील रक्तस्राव.

गुठळीच्या लकव्याबद्दल आता बरीच जागृती झाली आहे. साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मिळू शकते, हे अनेकांना ठाऊक असते. हॅमरेजच्या बाबतीत मात्र अजूनही ‘आता काही खरं नाही’, ‘ऑपरेशन होणार नसेल तर घरी घेऊन जा’, ‘अल्लाहची मर्जी’ असे म्हणून लवकर आशा सोडली जाते. मर्जी अल्लाहचीच, पण उपचार घेणे हेही आपल्यावर आहे. गेल्या काही वर्षांतल्या मोठ्या अभ्यासांनी दाखवून दिले आहे की हॅमरेजच्या रुग्णाला पहिल्या तासात चार साध्या गोष्टी एकत्र मिळाल्या, तर जीव वाचण्याची आणि पुन्हा स्वतःच्या पायावर उभे राहण्याची शक्यता वाढते. त्या चारही गोष्टींसाठी मोठ्या शहरातले पंचतारांकित रुग्णालय लागत नाही. त्या कोणत्या आणि पारनेरहून त्या वेळेत कशा मिळवायच्या, हे आम्ही या लेखात मांडत आहोत.

आजार किती मोठा आहे

जागतिक स्ट्रोक संघटनेच्या २०२२ च्या माहितीपत्रकानुसार जगात दरवर्षी १ कोटी २२ लाखांहून अधिक लोकांना नव्याने स्ट्रोक होतो. त्यात मेंदूतील रक्तस्रावाचे प्रमाण सुमारे २८ टक्के आहे, म्हणजे ३४ लाखांहून जास्त माणसे. संख्येने हा प्रकार गुठळीच्या लकव्यापेक्षा कमी असला तरी जास्त घातक आहे. हॅमरेज झालेल्या दर दहा रुग्णांपैकी साधारण चार जण पहिल्या महिन्यातच दगावतात. जे वाचतात त्यांच्यातल्या अनेकांना पुढे कोणाच्या तरी आधाराने जगावे लागते.

याचे सर्वात मोठे कारण एकच, ते म्हणजे वाढलेला रक्तदाब. मेंदूच्या आतल्या बारीक वाहिन्या वर्षानुवर्षे जास्त दाब सोसून कमकुवत होतात आणि एक दिवस फुटतात. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत देशातल्या सुमारे ३५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब असल्याचे आढळले. संख्येत सांगायचे तर ३१ कोटींहून जास्त लोक. यातल्या कितीतरी जणांना आपल्याला बीपी आहे हेच माहीत नसते, कारण बीपी दुखत नाही.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांच्या डॉक्टरांनी मोजलेला रक्तदाब ३००/१९० होता. जगातल्या सर्वात ताकदवान माणसाकडेही तेव्हा बीपी आटोक्यात ठेवणारी चांगली गोळी नव्हती. आज तीच गोळी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते.

मेंदूत नेमके काय होते

वाहिनी फुटली की रक्त बाहेर येऊन त्याचा गोळा तयार होतो. लोकांची समजूत अशी असते की जे व्हायचे ते एका क्षणात होऊन गेले, आता डॉक्टर तरी काय करणार? पण तसे नसते. साधारण तीनपैकी एका रुग्णात हा गोळा पुढच्या काही तासांत आणखी मोठा होतो. सुरुवातीला बोलत असलेला माणूस दोन-तीन तासांत बेशुद्ध होतो तो बहुतेक वेळा यामुळेच. गोळा जितका वाढेल तितका मेंदूवर दाब वाढतो आणि नुकसान वाढते.

म्हणजे रुग्ण घरातून निघतो तेव्हा बऱ्याचदा रक्तस्राव चालूच असतो. तो वाढू न देणे हेच पहिल्या तासाचे काम आहे. बीपी खूप चढलेले असेल किंवा रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर रक्तस्राव वाढण्याचा धोका जास्त. ताप आणि वाढलेली साखर जखमी मेंदूला आणखी त्रास देतात. उपचाराच्या चार गोष्टी यातूनच आल्या आहेत.

चार गोष्टी, एक तास

‘इंटरॅक्ट-३’ नावाचा अभ्यास २०१७ ते २०२१ या काळात दहा देशांतल्या १२१ रुग्णालयांत झाला. त्यात ७,०३६ रुग्ण होते. हे देश बहुतेक आपल्यासारखेच, कमी आणि मध्यम उत्पन्नाचे होते. भारत, पाकिस्तान, श्रीलंका, नायजेरिया, व्हिएतनाम, ब्राझील, चीन त्यात होते. निष्कर्ष २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. रुग्णालयात पोचल्यावर हॅमरेज निश्चित होताच पुढील चार गोष्टी एकत्र सुरू करायच्या आणि उपचार सुरू झाल्यापासून एका तासात ठरलेल्या पातळीवर आणायच्या, असा हा कार्यक्रम होता.

१. रक्तदाब : वरचा आकडा १४० च्या खाली आणणे. हे शिरेतून दिलेल्या औषधाने, सतत मोजत करायचे असते. फार खालीही न्यायचे नाही. आताची मार्गदर्शक तत्त्वे १३० च्या खाली जाऊ देऊ नका असे सांगतात.

२. साखर : मधुमेह नसलेल्यांमध्ये साधारण ११० ते १४०, मधुमेह असलेल्यांमध्ये १४० ते १८० च्या दरम्यान ठेवणे.

३. ताप : शरीराचे तापमान ३७.५ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे ९९.५ फॅरनहाइटच्या वर जाऊ न देणे.

४. रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम उलटवणे : रुग्ण वॉर्फरिन किंवा ॲसिट्रॉमसारखी गोळी घेत असेल तर व्हिटॅमिन के आणि प्लाझ्मा किंवा गोठवणारे घटक देऊन आयएनआर दीडच्या खाली आणणे.

निकाल असा आला की ज्या रुग्णालयांत हे चारही उपाय एकत्र झाले, तिथे सहा महिन्यांनंतर मृत्यू कमी होते, अपंगत्व कमी होते आणि गंभीर गुंतागुंतही कमी होती. अशा पद्धतीने सुमारे ३५ रुग्णांवर उपचार केले तर एक जास्तीचा जीव वाचतो, असा हिशेब अभ्यासकांनी मांडला. आकडा छोटा वाटेल. पण यात नवीन महागडे औषध नाही, नवे यंत्र नाही. बीपीचे इंजेक्शन, ग्लुकोमीटर, थर्मामीटर, पॅरासिटामॉल आणि रक्तपेढीतला प्लाझ्मा एवढीच सामग्री आहे.

इंग्लंडमधल्या सॅल्फर्ड शहरातल्या रुग्णालयाने अशाच पद्धतीचा वापर याच्या काही वर्षे आधी केला होता. तिथे तीन कामे ठरवली होती. रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम लगेच उलटवायचा, बीपी लगेच आणायचे आणि कोणत्या रुग्णाला न्यूरोसर्जनकडे पाठवायचे हे ताबडतोब ठरवायचे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अनुभवानुसार पहिल्या महिन्यातले मृत्यू शंभर रुग्णांमागे साधारण दहाने कमी झाले. डॉक्टर तेच होते, औषधेही तीच होती. कामाचा क्रम आणि वेग बदलला होता.

‘ऑपरेशन नाही म्हणाले, म्हणजे संपलं’ हा गैरसमज

हॅमरेज म्हटले की कुटुंबाचा पहिला प्रश्न असतो, ‘ऑपरेशन करणार का?’ डॉक्टर नाही म्हणाले की घरचे खचतात. २००५ मध्ये हजाराहून अधिक रुग्णांवरच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात असे दिसले की सरसकट सगळ्यांची लवकर कवटी उघडून गोळा काढल्याने एकूण फायदा होत नाही. म्हणून बऱ्याच रुग्णांना ऑपरेशन सांगितले जात नाही. त्यांच्यासाठी वर सांगितलेले चार उपाय आणि चांगली नर्सिंग हाच मुख्य उपचार आहे.

काही रुग्णांना मात्र ऑपरेशन तातडीने लागते. लहान मेंदूत, म्हणजे डोक्याच्या मागच्या भागात मोठा रक्तस्राव झाला असेल, मेंदूतले पाणी अडून दाब वाढत असेल, किंवा बाहेरच्या बाजूच्या गोळ्यामुळे रुग्ण डोळ्यांदेखत खालावत असेल, तर न्यूरोसर्जनचा निर्णय लगेच हवा. म्हणून डॉक्टरांना ‘ऑपरेशन का नाही?’ असे विचारण्यापेक्षा ‘न्यूरोसर्जननी सीटी पाहिला का?’ असे विचारा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट सल्ला आहे की दाखल झाल्यानंतरचा किमान दुसरा पूर्ण दिवस संपेपर्यंत, पूर्वी तशी इच्छा सांगितलेली नसल्यास, उपचार आवरते घेण्याचा नवा निर्णय पुढे ढकलावा. कारण पहिल्या दिवशीची अवस्था पाहून बांधलेला अंदाज अनेकदा चुकतो. रुग्ण वाचणार नाही असे धरून उपचार थांबवले तर तो वाचत नाही, आणि मग आपलाच अंदाज खरा वाटतो. पहिल्याच रात्री ‘घरी नेतो’ म्हणून सही करण्यापूर्वी हे लक्षात ठेवावे.

पारनेरहून वाट कुठे जाते

पारनेर तालुका पसरट आहे. पठारी, कमी पावसाचा, गावे एकमेकांपासून लांब. कितीतरी घरांत मुलगा मुंबई-पुण्याला कामाला आणि गावी म्हातारे आई-वडील असतात. रात्री दोन वाजता आईचे तोंड वाकडे झाले तर निर्णय कोण घेणार, गाडी कुणाची, हेच ठरायला तास जातो.

पहिली समजून घेण्याची गोष्ट म्हणजे सीटी स्कॅन. गुठळी आहे की रक्तस्राव, हे लक्षणांवरून कुणीही खात्रीने सांगू शकत नाही. जोराची डोकेदुखी, उलटी, लवकर बेशुद्ध होणे ही लक्षणे हॅमरेजमध्ये जास्त दिसतात, पण तीच गुठळीतही असू शकतात. दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलट आहेत. एकात गुठळी विरघळवायची, दुसऱ्यात रक्त गोठू द्यायचे. त्यामुळे सीटी झाल्याशिवाय खरा उपचार सुरूच होत नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या स्तरावर सर्वसाधारणपणे सीटी स्कॅन नसतो. म्हणून तालुक्याच्या कोणत्या भागातून कुठे जायचे याचा विचार आधीच झालेला बरा. पारनेर शहर, भाळवणी, सुपा या बाजूच्या लोकांना नगरचे जिल्हा सामान्य रुग्णालय आणि शहरातली मोठी रुग्णालये जवळ पडतात. निघोजच्या बाजूचे लोक शिरूरमार्गे पुण्याच्या रस्त्याला लागतात. टाकळी ढोकेश्वर, अळकुटी या पट्ट्याला नगर-कल्याण रस्त्याने नगरला किंवा उलट दिशेला आळेफाट्याकडे जाता येते. पुण्यात ससून हे शासनाचे मोठे रुग्णालय आहे, पण नगर जवळ असताना सरळ पुणे गाठायचे म्हणून पहिले दोन-तीन तास रस्त्यात घालवणे हॅमरेजच्या रुग्णाला परवडत नाही. सर्वात जवळचा चालू सीटी स्कॅन आणि आयसीयू कुठे आहे, तिथे आधी जायचे. बीपी आटोक्यात आल्यावर, गरज असेल तर तिथून पुढे न्यूरोसर्जनकडे हलवता येते.

प्रत्येक गावाने हे आजच, शांत डोक्याने शोधून ठेवावे : आपल्यापासून सर्वात जवळ रात्रीही चालणारा सीटी स्कॅन कुठे? तिथे आयसीयू आहे का? फिजिशियन रात्री येतात का? रक्तपेढी किती लांब? हे फोन नंबर ग्रामपंचायतीत, मशिदीत आणि आशाताईंकडे लिहिलेले असावेत.

१०८ की स्वतःची गाडी?

महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून चालते. ती मोफत आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. रुग्ण बेशुद्ध असेल, उलट्या होत असतील, श्वास घरघरत असेल तर वाटेत श्वासाची काळजी घेणारे माणूस सोबत असणे फार मोलाचे. फोन करताना ‘चक्कर आली’ असे मोघम सांगू नका. ‘लकव्याचा झटका आहे, एक बाजू गेली आहे, एवढ्या वाजता सुरू झाले’ असे नेमके सांगा. गाडीला किती वेळ लागेल ते विचारा. फारच वेळ लागणार असेल आणि घरासमोर चांगली गाडी उभी असेल तर निघा, पण रुग्णाला बसवून किंवा मोटारसायकलवर मध्ये धरून नेऊ नका. एका कुशीवर झोपवून न्या.

वाटेत एखाद्या दवाखान्यात थांबलातच तर तिथे साखर तपासून घ्या, बीपी आणि वेळ कागदावर लिहून घ्या, आणि पुढच्या रुग्णालयाला फोन करायला सांगा. साखर एकदम कमी झाली तरी लकव्यासारखीच लक्षणे दिसतात आणि ती ग्लुकोजने बरी होते, म्हणून ही तपासणी महत्त्वाची. पण ‘सलाईन लावून दोन तास बघू’ यात अडकू नका.

घरी काय करायचं, काय नाही

ओळखायचे कसे? हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढले जाते का. दोन्ही हात वर करायला सांगा, एक हात खाली येतो का. एक साधे वाक्य बोलायला सांगा, शब्द नीट येतात का. यातले एक जरी बिघडले तरी वेळ पाहा आणि निघा. अचानक तोल जाणे, अचानक दिसेनासे होणे, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी, हीही धोक्याची चिन्हे आहेत.

आता न करायच्या गोष्टी, कारण इथे चांगल्या हेतूने मोठे नुकसान होते.

ॲस्पिरिन, इकोस्प्रिन देऊ नका. हार्ट ॲटॅकमध्ये ही गोळी चालते हे ऐकून लोक लकव्यालाही देतात. मेंदूत रक्तस्राव असेल तर ही गोळी तो वाढवू शकते.

बीपीची गोळी जिभेखाली ठेवू नका, जास्तीचा डोस देऊ नका. हे वाचून वाचकांना प्रश्न पडेल की वर तर बीपी लवकर कमी करा असे म्हटले आहे. त्याचे उत्तर ‘इंटरॅक्ट-४’ या चीनमधल्या अभ्यासात आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे २,४०० रुग्णांपैकी निम्म्यांचे बीपी सीटीच्या आधीच, रुग्णवाहिकेत, कमी करायला सुरुवात झाली. ज्यांना नंतर हॅमरेज निघाले त्यांना फायदा झाला. ज्यांना गुठळी निघाली त्यांना तोटा झाला. दोन्ही मिळून हिशेब शून्य. म्हणजे बीपी कमी करायचे ते सीटी पाहून, रुग्णालयात, शिरेतून, मोजत-मोजत. घरी अंदाजाने नाही.

तोंडातून पाणी, चहा, साखर-पाणी काही देऊ नका. दम केलेले पाणीही या वेळी पाजू नका. झमझम असले तरी नाही. गिळण्याची ताकद गेलेली असू शकते आणि पाणी सरळ फुफ्फुसात जाते. दुआ करा, ती मनापासून करा, गाडीत बसूनही करता येते.

मालिश, कबुतराचे रक्त, नाकात औषध सोडणे, बोटांच्या टोकांना सुया टोचून रक्त काढणे, झाडपाल्यासाठी दुसऱ्या गावाला नेणे, हे काहीही करू नका. हिजामा हा अनेकांच्या श्रद्धेचा आणि आवडीचा उपचार आहे, पण लकव्याच्या झटक्यात त्यासाठी थांबणे म्हणजे वेळ गमावणे.

करायच्या गोष्टी थोड्या आहेत. कुशीवर झोपवा, कवळी काढा, कपडे सैल करा. रुग्ण शेवटचा चांगला कधी होता ती वेळ लिहा. तो झोपेतून उठतानाच असा दिसला असेल तर झोपण्याची वेळ लिहा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत टाका. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत घ्या.

रुग्णालयात विचारायचे प्रश्न

डॉक्टरांशी वाद घालायचा नाही, पण नम्रपणे विचारायचा हक्क आपला आहे. हे सहा प्रश्न मोबाइलमध्ये लिहून ठेवा.

सीटी किती वाजता होणार? रक्तस्राव आहे का? बीपी आता किती आहे आणि किती वाजेपर्यंत १४० च्या खाली येईल? साखर आणि ताप कोण पाहत आहे, किती वेळाने? रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी घेतो, तिच्यावर उतारा दिला का? न्यूरोसर्जनना सीटी दाखवला का?

चौथ्या उपायाबद्दल घरच्यांची जबाबदारी मोठी आहे. हृदयाची झडप बदललेले, हृदयाचे ठोके अनियमित असलेले अनेक जण वॉर्फरिन, ॲसिट्रॉम किंवा नव्या प्रकारच्या गोळ्या घेतात. बेशुद्ध माणूस हे सांगू शकत नाही. घरचे म्हणतात, ‘हार्टची गोळी चालू आहे’. तेवढ्याने भागत नाही, पाकीटच दाखवा. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलची गोष्ट वेगळी आहे. त्यासाठी सरसकट प्लेटलेट दिल्याने फायदा होत नाही, उलट तोटा होऊ शकतो असे अभ्यासात दिसले आहे. त्यामुळे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय प्लेटलेटसाठी धावाधाव करू नका.

पैशाचं काय?

कितीतरी घरांत उशीर होतो तो पैशाच्या भीतीने. म्हणून काही गोष्टी माहीत हव्यात.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत करण्यात आले आहेत. जिल्हा सामान्य रुग्णालय त्यात येते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांचे कवच आता राज्यातल्या सर्व रेशन कार्डधारकांना असून वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत आहे. योजनेतल्या खासगी रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतात. दाखल होतानाच त्यांना भेटा, बिल झाल्यावर नाही. योजनेचा मदत क्रमांक १५५३८८ आहे. आपल्या समाजात एक नेहमीची अडचण म्हणजे नावातला फरक. रेशन कार्डावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, बायकोचे माहेरचे नाव तसेच राहिलेले. झटका आल्यावर हे दुरुस्त होत नाही. आजच कार्डे काढून नावे जुळवून पाहा.

धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम भरली नाही म्हणून परत पाठवता येत नाही. रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना विचारा.

वाचल्यानंतरचे दिवस

पहिले दोन दिवस निघाले की लढाई संपत नाही. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने खायला द्यायचे नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. डॉक्टर परवानगी देतील तेव्हा फिजिओथेरपी सुरू करायची आणि घरी आल्यावर सोडायची नाही. सुधारणा महिनोन्‌महिने होत राहते. नमाज बसून, झोपून, इशाऱ्याने अदा करण्याची सवलत आजारी माणसाला आहेच. तिचा आधार घेऊन माणूस दिनक्रमात परततो, आणि मनाच्या उभारीसाठी ते लागतेच.

एकदा हॅमरेज झालेल्याला पुन्हा होऊ शकते. त्यासाठी बीपी १३०/८० च्या खाली ठेवावे, असा सल्ला आहे. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी बंद करणे ही सर्वात महागात पडणारी गोष्ट.

रमजान, गोळ्या आणि मशीद

रमजानमध्ये बीपीच्या गोळ्या सुटतात, हे घराघरातले वास्तव आहे. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी सहरीला किंवा इफ्तारनंतर घेता येते. दोनदा असेल तर दोन्ही वेळी. कोणती कधी, हे रमजान लागण्याच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना विचारून ठरवा. लघवी जास्त होणाऱ्या गोळ्यांबाबत तर नक्की विचारा. आजारी माणसाला रोजाची सवलत सूरह बकरामध्येच दिलेली आहे. नुकतेच हॅमरेज होऊन गेलेल्याने ती घ्यावी, याबाबत डॉक्टर आणि आलिम दोघांशी बोलावे. इफ्तारची भजी, पापड, लोणचे, खारवलेले मटण यातले मीठही मोजा. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एक चमच्याहून कमी मीठ असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. तंबाखू, गुटखा आणि घरातल्या बायकांची मिश्री यांनाही यातून सूट नाही.

शासनाच्या कार्यक्रमात तीस वर्षांवरील प्रत्येकाची बीपी आणि साखर तपासणी मोफत होते. उपकेंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात ॲम्लोडिपिनसारख्या गोळ्या मिळतात. तरी लोक जात नाहीत. इथे मशिदी मोठे काम करू शकतात. आमची तालुक्यातल्या जमातींना आणि ट्रस्टींना विनंती आहे. दंडावर बांधायचे एक डिजिटल बीपी मशीन घ्या. सदका-लिल्लाहच्या रकमेतून ते सहज होते. जुम्याच्या नमाजनंतर अर्धा तास एका प्रशिक्षित मुलाने बसावे. माणूस पाच मिनिटे शांत बसला, अर्ध्या तासात चहा-तंबाखू झालेली नाही, हे पाहून मोजावे. १४०/९० किंवा जास्त आले तर वहीत लिहावे, पुढच्या जुम्याला पुन्हा मोजावे, आणि पुन्हा तेच आले तर आरोग्य केंद्रात पाठवावे. बायकांसाठी हेच काम इज्तेमाच्या दिवशी आशाताईंच्या मदतीने होऊ शकते. मशिदीत फक्त पुरुष मोजले गेले तर निम्मा समाज राहून जातो.

त्याच वहीच्या मागच्या पानावर तीन याद्या असाव्यात : रात्री गाडी काढू शकणाऱ्यांचे नंबर, रक्तगटासह रक्तदात्यांची नावे, आणि जवळच्या सीटी स्कॅन केंद्राचा व रुग्णालयाचा पत्ता. ईद-ए-मिलादला रक्तदान शिबिरे होतात, तेव्हा ही यादी आपोआप तयार होते. ती फाईलमध्ये न ठेवता दारावर लावा.

हॅमरेजवर आजही पूर्ण खात्रीचा इलाज नाही. पण सीटीला लागणारा वेळ, बीपी खाली यायला लागणारा वेळ आणि घरातून निघायला लागणारा वेळ, हे तिन्ही कमी करता येतात. पहिले दोन डॉक्टरांच्या हातात आहेत. तिसरा आपल्या हातात आहे.